क्लार्क विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग, १८८९ ते १९२० : शिक्षक कुठून आले आणि काय घेऊन आले

प्राध्यापक भरतीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुण’ ही ओळ वाचून ज्यांचे डोळे सरावले आहेत, त्यांना अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाची जुनी शिक्षकयादी बुचकळ्यात टाकील. विभागप्रमुख पाद्री होण्यासाठी शिकलेले होते. एका सहकाऱ्याची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली होती आणि तिचा विषय पाण्याचा रंग हा होता. एकजण मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे, तर आणखी एकजण जवळच्याच मनोरुग्णालयातला डॉक्टर होता. आजच्या छाननी समितीपुढे यांतील निम्मे अर्ज पहिल्याच फेरीत बाद झाले असते. मात्र अमेरिकेतील मानसशास्त्राच्या पहिल्या पिढीचा मोठा हिस्सा याच विभागात घडला. या प्रकरणात मी दोन गोष्टी तपासणार आहे. हे शिक्षक कोणकोणत्या व्यवसायांतून आले होते, ही पहिली गोष्ट. जे बाहेरून आले त्यांच्यापैकी कोण टिकले व कोण निघून गेले, ही दुसरी, आणि माझ्या मते विभागाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती दुसरीच.

विद्यापीठ आणि त्याचा पैसा

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर हे कारखान्यांचे गाव. तिथल्या जोनास गिलमन क्लार्क या व्यापाऱ्याने कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांना सामानसुमान विकून संपत्ती मिळवली होती. १८८७ साली त्याने दहा लाख डॉलरची देणगी देऊन विद्यापीठ स्थापले आणि १८८९च्या ऑक्टोबरमध्ये तिथे अध्यापन सुरू झाले. पदवीपूर्व वर्गच ठेवायचे नाहीत, केवळ संशोधन आणि डॉक्टरेटचे शिक्षण द्यायचे, असे ठरले. त्यामुळे विषय मोजके होते, शिक्षक विसाच्या आत आणि विद्यार्थी चाळिसाच्या आत. मानसशास्त्र हा त्या मोजक्या विषयांपैकी एक होता, कारण पहिले अध्यक्ष ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल हे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. विद्यापीठाचे अध्यक्षपद आणि विभागाचे प्रमुखपद या दोन्ही खुर्च्या १९२० पर्यंत एकाच माणसाकडे राहिल्या. विभागाला तारले ते याच गोष्टीने, आणि पुढे तो आक्रसला त्यालाही बरीचशी हीच गोष्ट कारण झाली.

हॉल यांची वळणावळणाची वाट

हॉल यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील ॲशफिल्ड या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात झाला. विल्यम्स कॉलेजातून १८६७ साली पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयात दाखल झाले. तिथल्या प्रथेप्रमाणे त्यांनी शिक्षकांसमोर सरावाचे प्रवचन दिले. प्रवचन संपल्यावर त्यातल्या उणिवा दाखवणे हे संबंधित प्राध्यापकाचे काम असे. परंतु हॉल यांची मते ऐकून तो गृहस्थ टीका करण्याऐवजी गुडघे टेकून त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू लागला, असे हॉल यांनीच पुढे सांगितले आहे. धर्मोपदेशकाची वाट तिथेच जवळजवळ बंद झाली. मग जर्मनीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास, अँटिऑक कॉलेजात काही वर्षे अध्यापन, आणि १८७८ साली हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स यांच्याकडे डॉक्टरेट असा प्रवास झाला. अमेरिकेत मानसशास्त्रात मिळालेली पहिली डॉक्टरेट म्हणून तिची नोंद केली जाते. त्यानंतर ते पुन्हा जर्मनीला, लाइपझिगमध्ये, प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हुंट यांच्या नव्या प्रयोगशाळेत गेले.

१८८० साली हा माणूस मायदेशी परतला तेव्हा वयाची पस्तिशी उलटलेली होती, दोन खंडांतली विद्या गाठीशी होती आणि नोकरी मात्र नव्हती. एके दिवशी हार्वर्डचे अध्यक्ष एलियट घोड्यावरून त्यांच्या दारी आले आणि खाली न उतरताच, शनिवारी शाळाशिक्षकांसाठी शिक्षणशास्त्रावर व्याख्याने द्याल का, असे त्यांनी विचारले. ती व्याख्याने गाजली. हॉल यांचे नाव पुढे ज्या बालअभ्यासाशी कायमचे जोडले गेले, त्याची सुरुवात अशी, म्हणजे हातात दुसरे काम नसताना मिळालेल्या कामातून झाली. व्यावसायिक पार्श्वभूमी म्हटले की आपण पदव्यांची उतरंड पाहतो. बेकारीच्या वर्षांत माणसाने काय केले, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. हॉल यांच्या बाबतीत तोच रकाना सर्वांत बोलका आहे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी १८८३ साली प्रयोगशाळा उभारली, १८८७ साली अमेरिकेतले पहिले मानसशास्त्रीय नियतकालिक सुरू केले आणि क्लार्कला येताना तिथले काही विद्यार्थी सोबत आणले.

पहिली तुकडी

त्यांपैकी एडमंड क्लार्क सॅनफर्ड यांच्याकडे प्रयोगशाळा आली. त्यांच्या नावातल्या क्लार्कचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. कॅलिफोर्नियात वाढलेल्या सॅनफर्ड यांनी १८८८ साली हॉल यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली होती. हॉल जितके पसरट, तितके हे नेमके. त्यांचे खरे कसब उपकरणांत दिसते. प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजण्यासाठी त्या काळी वापरले जाणारे युरोपी यंत्र महागही होते आणि नाजूकही. सॅनफर्ड यांनी किंचित कमीजास्त लांबीचे दोन लंबक घेतले. इशारा होताच लांब लंबक सुटतो आणि माणसाने कळ दाबताच आखूड लंबक सुटतो; आखूड लंबक किंचित जलद असल्यामुळे तो प्रत्येक झोक्यागणिक पहिल्याला गाठत जातो, आणि दोन्ही एकत्र डुलू लागेपर्यंत किती झोके झाले हे मोजले की मधला वेळ हाती येतो. तोकड्या अनुदानावर प्रयोगशाळा चालवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला या युक्तीचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. प्रयोगांची त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका आधी नियतकालिकातून क्रमशः आली, मग पुस्तकरूपाने, आणि अमेरिकेतल्या अनेक नव्या प्रयोगशाळा तिच्या आधाराने उभ्या राहिल्या.

हेन्री डोनाल्डसन हेही हॉपकिन्सचे. त्यांची वाट मज्जाशास्त्राची होती. दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली लॉरा ब्रिजमन ही स्त्री स्पर्शाच्या लिपीतून शिकली म्हणून देशभर प्रसिद्ध होती. १८८९ साली तिचे निधन झाल्यावर तिच्या मेंदूचा अभ्यास डोनाल्डसन यांनी क्लार्कमध्ये केला. लहानपणीच ज्या इंद्रियांकडून संवेदना येणे थांबले, त्यांच्याशी निगडित भाग खुंटलेले असतात का, हा प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष मेंदू समोर ठेवून तपासला. ती जिवंत असताना हॉल यांनीही तिच्यावर निरीक्षणे केली होती. म्हणजे एकाच व्यक्तीचे मन आणि मेंदू या विभागातल्या दोन शिक्षकांच्या हाताखालून गेले.

१८९० साली आलेले विल्यम बर्नहॅम हार्वर्डचे पदवीधर आणि हॉपकिन्सचे डॉक्टर होते. शिक्षणशास्त्र आणि शालेय आरोग्य हे त्यांचे विषय, आणि वर्गातला उजेड, हवा, मुलांची बाके यांचा विचार मनाच्या आरोग्याशी जोडून करणे ही त्यांची खासियत.

राहिले फ्रान्झ बोआस, आणि त्यांच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जर्मनीतील किल विद्यापीठात १८८१ साली त्यांनी पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहिला. दोन जवळजवळ सारख्या छटांमधला फरक डोळ्याला नेमका कुठे जाणवतो, या अडचणीशी झगडताना ते मनोभौतिकीकडे, म्हणजे बाहेरचे उद्दीपन आणि मनाला होणारी संवेदना यांचे नाते मोजण्याच्या शास्त्राकडे, वळले. पुढे बॅफिन बेटावर इनुइट लोकांमध्ये वर्षभर राहून ते भूगोलाकडून मानववंशशास्त्राकडे सरकले. हॉल यांनी त्यांना मानसशास्त्र विभागातच मानववंशशास्त्रासाठी ‘डोसेंट’ म्हणून घेतले. हे पद जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर तयार केलेले होते : अध्यापनाचा भार कमी, संशोधनाला मोकळीक, मात्र पगार बेताचा आणि कायमपणाची हमी नाही. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरील नेमणुकीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच लागू पडते. अनिश्चितता दोन्हीकडे सारखी असली, तरी डोसेंटला वेळ तरी मोकळा मिळत असे.

१८९१ साली बोआस यांनी वुस्टरच्या शाळांतील मुलांची उंची, वजन, डोक्याचा आकार मोजण्याचे काम हाती घेतले. गावातल्या एका वृत्तपत्राने त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. विद्यार्थीदशेतल्या तलवारबाजीच्या द्वंद्वांचे व्रण त्यांच्या चेहऱ्यावर होते. अशा चेहऱ्याच्या परक्या माणसाने आमच्या मुलांना हात लावावा काय, असा एकूण सूर होता. शाळा मंडळाने तरीही परवानगी दिली. बोआस यांचे वेगळेपण असे की त्यांनी आकड्यांकडे भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. एका वयाच्या मुलांची सरासरी काढून ‘सामान्य वाढ’ ठरवणे फसवे आहे, कारण एकाच वयाची मुले वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, कोणी आधी भराभर वाढते तर कोणी उशिरा, हे त्यांनी आकड्यांच्या मांडणीतूनच दाखवले. मुलांच्या वाढीची गती ही त्यांची कल्पना बालविकासाच्या अभ्यासात आजही कामी येते. बालअभ्यासाचा झेंडा हॉल यांच्या हाती असला, तरी त्या विषयाला गणिताची शिस्त लावली ती शेजारच्या खोलीतल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या डोसेंटने.

१८९२

संस्थापक क्लार्क आणि अध्यक्ष हॉल यांचे बिनसत गेले आणि क्लार्क यांनी वार्षिक मदतीचा हात आखडता घेतला. ही गोष्ट हॉल यांनी शिक्षकांपासून झाकून ठेवली. पगार आणि सामग्री यांबाबत दिलेली आश्वासने पाळता येईनात, तेव्हा दोष हॉल यांच्या माथी आला. याच काळात, १८९० साली, घरात गॅस पसरून त्यांची पत्नी आणि लहान मुलगी मृत्यू पावली होती. त्यांच्या पुढच्या तुटक वागण्याचे ते समर्थन ठरत नाही, पण प्रकरण समजून घेताना ते वगळताही येत नाही. १८९२च्या आरंभी बहुसंख्य शिक्षकांनी त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. अशा वेळी शिकागोच्या नव्या विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशाच्या बळावर वुस्टरला येऊन पोहोचले आणि दुप्पट पगाराच्या भाषेत बोलू लागले. सुमारे दोनतृतीयांश शिक्षक क्लार्क सोडून गेले, आणि त्यांतले बरेचसे शिकागोत दाखल झाले. प्रकाशाचा वेग मोजणारे मायकेलसन गेले, प्राणिशास्त्राचे व्हिटमन गेले आणि मानसशास्त्राच्या बाजूने डोनाल्डसन गेले. बोआस यांनीही राजीनामा दिला आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या कामावर ते रुजू झाले.

याच जुलैत हॉल यांनी वुस्टरमध्ये काही मंडळींना बोलावून अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचा पाया घातला आणि तिचे पहिले अध्यक्षपद भूषवले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. विद्यापीठ निम्म्याहून अधिक रिकामे झालेले असताना विषयाची राष्ट्रीय संघटना त्याच गावात जन्माला येत होती.

‘मानसशास्त्र विभाग मात्र वाचला’, असे या प्रसंगाविषयी सहसा लिहिले जाते. माणसांची मोजणी केली तर ते खरे आहे, पण मागे राहिलेल्यांच्या पार्श्वभूमी शेजारी शेजारी ठेवून पाहा. हॉल; हॉल यांचे विद्यार्थी सॅनफर्ड; हॉपकिन्सहून हॉल यांच्या पाठोपाठ आलेले बर्नहॅम; आणि बोआस यांच्या जागी अलेक्झांडर चेंबरलेन. चेंबरलेन टोरांटोत भाषा शिकलेले होते आणि बोआस यांच्या हाताखाली १८९२ साली त्यांनी अमेरिकेतली मानववंशशास्त्रातील पहिली डॉक्टरेट मिळवली होती; म्हणजे तेही याच घरात वाढलेले. अनोळखी व्यवसायातून आलेला, हॉल यांच्याशी गुरुशिष्याचे नाते नसलेला, आणि म्हणून त्यांना बरोबरीने विरोध करू शकेल असा एकही शिक्षक उरला नाही. डोसेंटच्या पदामुळे विविधता स्वस्तात आली खरी, पण अडचण येताच सर्वांत आधी सुटली तीही हीच माणसे, कारण त्यांना बांधून ठेवणारे काहीच नव्हते.

एकाच गुरूच्या छायेत

यानंतरची पंधरावीस वर्षे विभागाच्या भरभराटीची म्हणून सांगितली जातात. १८९८ पर्यंत अमेरिकेत दिलेल्या मानसशास्त्राच्या ५४ डॉक्टरेटपैकी ३० हॉल यांच्या विद्यार्थ्यांच्या होत्या. नावनोंदणी म्हणजे अध्यक्षांच्या चिटणिसाला नाव आणि पत्ता देणे. हजेरी नाही, मधल्या परीक्षा नाहीत, ग्रंथालय हवे तितके उघडे. सोमवारी संध्याकाळी हॉल यांच्या घरी परिसंवाद भरे. एक विद्यार्थी आपले काम वाचून दाखवी, मग सगळे त्यावर तुटून पडत, शेवटी हॉल स्वतः बोलत. मध्ये खाण्यापिण्यासाठी विश्रांती, पुन्हा दुसरा निबंध, आणि घरी जायला अकराबारा वाजत. ज्यांनी ती बैठक अनुभवली त्यांनी म्हातारपणीही तिच्याविषयी भारावून लिहिले आहे.

पण त्या काळात काम कोणत्या पद्धतीने चालले होते? हॉल यांनी १८९४ पासूनच्या दोन दशकांत जवळपास दोनशे प्रश्नावल्या काढल्या. बाहुल्या, भीती, राग, रडणे, खेळणी असा कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. त्या शिक्षकांकडे आणि पालकांकडे जात, उत्तरांचे ढीग येत, आणि विद्यार्थी त्यांतून निबंध तयार करत. शनिवारच्या व्याख्यानांत जमवलेला शाळाशिक्षकांचा गोतावळा इथे उपयोगी पडला, आणि प्रवचनकाराची व्यापक, उत्कंठापूर्ण शैलीही. बोआस असते तर नमुना कसा निवडला, उत्तरे कोणी आणि किती काळजीने लिहिली, असे प्रश्न त्यांनी सोमवारच्या बैठकीत विचारले असते, असे मला वाटते. विचारणारे कोणी नव्हते असे मात्र नाही. सॅनफर्ड होते, पण त्यांचा स्वभाव भांडणाचा नव्हता.

त्यांचा प्रभाव आडवळणाने दिसतो. लायनस क्लाइन या विद्यार्थ्याने व्हर्जिनियातल्या वडिलांच्या शेतावरील जुन्या झोपडीखाली उंदरांनी पाडलेल्या वाटा आठवून त्यांचे वर्णन केले, तेव्हा इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातला हिरव्या कुंपणांचा भूलभुलैया नमुन्यादाखल घ्यावा, असे सॅनफर्ड यांनी सुचवले. विलर्ड स्मॉल या दुसऱ्या विद्यार्थ्याने त्या नकाशावरून सहा फूट रुंद आणि आठ फूट लांब असा, तारेच्या जाळीच्या भिंतींचा चक्रव्यूह बांधला आणि मधोमध अन्न ठेवून पांढरे उंदीर आत सोडले. १९०१ साली ते काम प्रसिद्ध झाले. पुढे अर्धशतक प्रयोगशाळांतून उंदीर ज्या गल्ल्यांतून धावले, त्यांचा उगम असा शेतावरल्या आठवणीत आणि उपकरणे जुळवणाऱ्या शिक्षकाच्या एका सूचनेत आहे.

दुसरा दाखला लुइस टर्मन यांचा. इंडियानातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा आधी शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक होता, आणि हॉल यांच्या ओढीनेच क्लार्कला आला होता. त्याला हुशार आणि मंद मुलांची मानसिक चाचण्यांच्या आधारे तुलना करायची होती. हॉल यांचा चाचण्यांवर विश्वास नव्हता आणि त्यांनी आपली नापसंती लपवली नाही. टर्मन यांनी मार्गदर्शक बदलला आणि सात हुशार व सात मंद मुलांवरचा प्रबंध १९०५ साली सॅनफर्ड यांच्याकडे पूर्ण केला. बुद्धिमापनाची पुढची अमेरिकी वाटचाल ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे तो माणूस दुसरा मार्गदर्शक मिळाला म्हणून त्या वाटेवर राहिला. चारपाच शिक्षकांच्या विभागात दुसरा दरवाजा असणे याचा अर्थ काय, हे यापेक्षा नेमके सांगता येणार नाही. त्या दरवाजातून पुढे आलेली बुद्धिमापनाची चळवळ निर्दोष नव्हती, परंतु तो या प्रकरणाचा विषय नाही.

बाहेरचा वारा या काळात एकाच खिडकीतून येत होता, आणि ती खिडकी म्हणजे वुस्टरचे सरकारी मनोरुग्णालय. झुरिचमध्ये वैद्यक शिकलेले ॲडॉल्फ मायर १८९५च्या सुमारास तिथे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून आले. मृत रुग्णांचे मेंदू तपासण्यासाठी नेमलेल्या या डॉक्टरने, जिवंत रुग्णांचे वृत्तांत नीट लिहिले गेल्याशिवाय मेंदूत काय शोधायचे हेच कळणार नाही, असा आग्रह धरला आणि रुग्णाच्या आयुष्याचा सविस्तर इतिहास लिहिण्याची शिस्त लावली. ते क्लार्कमध्ये डोसेंट झाले आणि विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांसमोर बसवून शिकवू लागले. प्रश्नावलीतून आलेल्या हजार उत्तरांची सवय झालेल्या मुलांना एकाच माणसाची संपूर्ण कहाणी लिहायला लावणारा हा शिक्षक होता. त्यांचा पगार रुग्णालय देत होते, म्हणून विद्यापीठाला ते परवडले. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते न्यूयॉर्कला निघून गेले.

पाहुणे म्हणून परत

१९०९ साली विद्यापीठाच्या विसाव्या वर्धापनदिनी हॉल यांनी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना व्हिएन्नाहून बोलावले. पहिल्या निमंत्रणातले ४०० डॉलर आणि उन्हाळ्याची तारीख फ्रॉइड यांना परवडेना. मानधन ७५० डॉलर झाले, तारीख सप्टेंबरवर गेली आणि सोबत सन्माननीय डॉक्टरेटही आली, तेव्हा ते आले. त्यांनी जर्मन भाषेत पाच व्याख्याने दिली. त्या आठवड्याची आठवण फ्रॉइड आणि त्यांच्यासोबत आलेले त्यांचे तेव्हाचे सहकारी युंग यांच्या नावाने काढली जाते. त्या वेळचे सामुदायिक छायाचित्र मानसशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत असते.

मला त्या आठवड्यातील दुसरीच दोन नावे महत्त्वाची वाटतात. निमंत्रित वक्त्यांमध्ये आणि सन्माननीय पदवी घेणाऱ्यांमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्झ बोआस होते आणि न्यूयॉर्कहून आलेले ॲडॉल्फ मायर होते. ज्या दोघांना हे विद्यापीठ डोसेंटच्या पलीकडे काही देऊ शकले नव्हते, त्यांचाच गौरव त्याने आता केला.

शेवटची वर्षे

चेंबरलेन १९१४ साली वारले. १९१९ साली एडविन बोरिंग आले. पेशाने अभियंता, पोलादाच्या कारखान्यात काम केलेले, मग कॉर्नेल विद्यापीठात घडलेले प्रयोगवादी मानसशास्त्रज्ञ, म्हणजे बऱ्याच वर्षांनी खरोखर बाहेरच्या मुशीतला माणूस. पुढच्याच वर्षी हॉल अध्यक्षपदावरून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी भूगोलतज्ज्ञ वॉलेस ॲटवुड यांची नेमणूक झाली. पैसा आणि लक्ष भूगोलाकडे वळले. नव्या प्रशासनाशी बोरिंग यांचे जमले नाही आणि १९२२ साली ते हार्वर्डला गेले. सॅनफर्ड १९०९ पासून विद्यापीठाशी जोडलेल्या पदवी महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. १९२० साली ते पद सोडून ते पुन्हा शिकवू लागले. १९२४च्या एप्रिलमध्ये हॉल गेले आणि नोव्हेंबरमध्ये सॅनफर्ड. १८९० पासून वर्गातल्या उजेडाविषयी आणि बाकांच्या उंचीविषयी शिकवत आलेले बर्नहॅम १९२६ साली निवृत्त झाले.